सोय, किंमत आणि श्रम : वर्धा परिसरातील खरेदीव्यवहाराचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :

खरेदी ही मानवी जीवनातील अत्यंत नित्याची कृती असल्यामुळे इतिहासलेखनात तिच्याकडे बहुधा दुर्लक्ष झाले आहे. राज्यकर्ते, लढाया, चळवळी आणि कायदे यांचा इतिहास विपुल प्रमाणात लिहिला गेला. मात्र सामान्य कुटुंबाने तेल, मीठ आणि कापड कोठून घेतले, कोणत्या अटीवर घेतले आणि त्याचे मोल कोणी चुकते केले, याचा इतिहास तुलनेने उपेक्षित राहिला. आज भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून वस्तू मागविण्याची पद्धत रूढ झाल्यामुळे हा विषय नव्याने चर्चेत आला आहे. 'जवळच्या दुकानातून घ्यावे की ऑनलाइन मागवावे ?' हा प्रश्न घरोघरी विचारला जातो आणि त्याचे उत्तर सोय व किंमत या दोन निकषांवर शोधले जाते.

वर्धा शहराला लागून असलेले बोरगाव (मेघे) हे या प्रश्नाच्या अभ्यासासाठी उचित स्थळ आहे. भारतीय जनगणनेने त्याची नोंद 'जनगणना नगर' अशी केलेली आहे. किमान ५००० लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० घनता आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती व्यवसायात, हे त्या वर्गवारीचे निकष होत. शेतीपासून दूर गेलेल्या, पण ज्यांची आर्थिक मुळे कापूसपट्ट्यातच आहेत अशा कुटुंबांची ही वस्ती आहे. अशा वस्तीत नियमित वेतन घेणारा कर्मचारी आणि रोजंदारीवर जगणारा मजूर हे एकाच गल्लीत राहतात. त्यांना बाजार मात्र सारखाच दिसतो असे नाही.

सोय आणि किंमत यांचा हा तिढा ऑनलाइन व्यापाराने निर्माण केलेला नाही, तो या परिसरात किमान दीडशे वर्षे जुना आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. तसेच, या दोन निकषांच्या जोडीला श्रमाचे मोल हा तिसरा निकष वर्ध्यातच १९३५ मध्ये जाणीवपूर्वक मांडला गेला होता. त्याला वगळून केलेली कोणतीही तुलना अपुरी ठरते.

उद्दिष्टे :

१) वर्धा परिसरातील खरेदीव्यवहाराच्या स्वरूपात झालेल्या बदलांचा कालक्रमानुसार आढावा घेणे.
२) 'सोय' या संकल्पनेचे प्रकार स्पष्ट करणे.
३) वस्तूच्या किमतीचा भार प्रत्येक टप्प्यावर कोणी उचलला, याचा शोध घेणे.

अभ्यासपद्धती ऐतिहासिक व विश्लेषणात्मक असून कालखंड १८६० च्या दशकापासून आजपर्यंतचा आहे. विवेचन वर्ध्यापुरते केंद्रित असले, तरी आवश्यक तेथे महाराष्ट्रातील अन्य प्रयोगांचा तौलनिक विचार केला आहे.

रेल्वे, कापूस आणि उधारीचे दुकान :

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. प्रारंभी त्याचे मुख्यालय पुलगावजवळील कवठा येथे होते. १८६६ मध्ये ते पालकवाडी या गावाच्या जागी हलविण्यात आले आणि तेथे वर्धा शहर वसविण्यात आले. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग नागपूरपर्यंत पूर्ण झाला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) भारतीय कापसाला आलेली मागणी आणि त्यामागोमाग आलेली रेल्वे, या दोन घटनांनी या प्रदेशाचे अर्थकारण पालटले. हिंगणघाटच्या कापसाची ख्याती त्यापूर्वीच पसरलेली होती. आता तो मुंबईमार्गे मँचेस्टरला अधिक वेगाने पोहोचू लागला.

ज्या गाड्या कापूस घेऊन गेल्या, त्याच गाड्या कापड घेऊन आल्या. मध्य प्रांत व वऱ्हाडचे कापूस आयुक्त जे. एच. रिव्हेट-कार्नॅक यांनी आपल्या अहवालात याचे गणित उघडपणे मांडले होते. विलायती कापड येथे स्वस्त विकले गेले तर स्थानिक सूतकताई व विणकाम मागे पडेल, त्यात गुंतलेले हात शेतीकडे वळतील आणि कापसाचे उत्पादन वाढेल, अशी त्यांची अपेक्षा होती. ग्राहकाच्या दृष्टीने गिरणीचे कापड स्वस्त, एकसारखे आणि हाताशी होते. सोय आणि किंमत या दोन्ही बाबी एकाच बाजूला आल्यावर स्थानिक कारागिराची बाजू टिकणे कठीण होते. येथे मोल कोणी चुकते केले, याचे उत्तर स्पष्ट आहे : ज्या सूत कातणाऱ्या स्त्रियांचे आणि विणकरांचे काम गेले, त्यांनी.

कापूस नगदी पीक असल्यामुळे शेतकऱ्याच्या हाती पैसा वर्षातून एकदा, हंगामात येतो. गरजा मात्र बारमाही असतात. हे अंतर गावातील दुकानदाराने भरून काढले. तेल, मीठ, कापड, बियाणे या वस्तू पावसाळ्यात उधार मिळत आणि कापूस विकल्यावर हिशेब चुकता होई. आठवडी बाजारात भाव कमी असत, घासाघीस करता येई, परंतु तेथे रोख लागे व दिवसाची मजुरी बुडवून जावे लागे. गावातील दुकानात भाव चढा असे, परंतु वहीवर नाव मांडून वस्तू लगेच मिळे. बाजार की दुकान, हा तत्कालीन ग्राहकापुढील पर्याय आजच्या प्रश्नापेक्षा तत्त्वतः वेगळा नव्हता.

येथे सोयीचे तीन प्रकार वेगळे करणे उपयुक्त ठरेल. वस्तू जवळ किंवा घरपोच मिळणे ही स्थळाची सोय होय. पैसे नंतर देता येणे ही काळाची सोय होय. आणि पाव किलो साखर, दहा रुपयांचे तेल अशी हाती असलेल्या पैशाइतकीच वस्तू मिळणे ही परिमाणाची सोय होय. उधारीचे दुकान या तिन्ही सोयी देत होते. त्यांची किंमत वेगळी लिहिलेली नसे. ती चढ्या भावात, व्याजात आणि कित्येकदा शेतमाल त्याच व्यापाऱ्याला त्याने ठरविलेल्या दराने विकण्याच्या बंधनात सामावलेली असे. व्यवहाराची वही दुकानदाराच्या ताब्यात असे आणि निरक्षर ग्राहकाला ती वाचता येत नसे. म्हणजेच सोय खरी होती, पण तिची किंमत ग्राहकाला दिसत नव्हती.

हे चित्र केवळ वसाहतकालीन नाही. जुलै २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर पंतप्रधानांनी विदर्भासाठी जे विशेष पॅकेज जाहीर केले, त्यातील सहा जिल्ह्यांत वर्ध्याचा समावेश होता. बी-बियाणे, खते व कीटकनाशके कृषी सेवा केंद्रातून उधारीवर घेणे ही त्या काळातील शेतकऱ्याची अपरिहार्यता होती आणि कर्जाच्या चर्चेत बँक व सावकार यांच्या जोडीला हे दुकानही विचारात घ्यावे लागले. काळाची सोय जेव्हा एकाच विक्रेत्याकडे उपलब्ध असते, तेव्हा ग्राहकाचे भाव करण्याचे सामर्थ्य जवळजवळ संपते.

मगनवाडीचा तिसरा निकष :

विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात वर्धा हे देशाच्या आर्थिक विचारमंथनाचे केंद्र बनले. जमनालाल बजाज (१८८९-१९४२) यांच्या आग्रहामुळे महात्मा गांधी वर्ध्यास आले. डिसेंबर १९३४ मध्ये येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. बजाज यांनी त्यासाठी आपली बाग व इमारत दिली. मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्या परिसराला मगनवाडी हे नाव देण्यात आले. संघाची धुरा अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे सोपविण्यात आली. हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल, गूळ, हातकागद, मधमाशीपालन ही संघाची प्रमुख कार्यक्षेत्रे होती.

या सर्व वस्तूंपुढे एकच अडचण होती. त्या गिरणीच्या मालापेक्षा महाग होत्या आणि सर्वत्र मिळत नव्हत्या. किंमत आणि सोय या दोन्ही निकषांवर त्यांचा पराभव ठरलेला होता. अशा वेळी दोन मार्ग संभवतात. एक, वस्तू स्वस्त करून बाजारात टिकविणे. दोन, तुलनेचा निकषच बदलणे. वर्ध्यात दुसरा मार्ग स्वीकारण्यात आला.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ऑक्टोबर १९३५ मध्ये वर्धा येथे झालेला अखिल भारत चरखा संघाचा निर्णय होय. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या या संघाने पहिली दहा वर्षे खादी शक्य तितकी स्वस्त करण्याचा प्रयत्न केला होता. त्यासाठी सूत कातणाऱ्या स्त्रियांची मजुरी अत्यल्प ठेवली जात होती. खादी खपावी म्हणून कातणारीला उपाशी ठेवणे हे खादीच्या मूळ हेतूशी विसंगत आहे, ही जाणीव गांधीजींना तीव्रतेने झाली. आठ तासांच्या कामाला आठ आणे हा त्यांचा आदर्श होता. प्रत्यक्षात तितकी मजल लगेच मारणे शक्य नव्हते. तथापि आठ तासांच्या कुशल कामाला निदान निर्वाहापुरते वेतन मिळाले पाहिजे, हे तत्त्व संघाने मान्य केले. यामुळे खादीचे दर वाढणार आणि खप घटण्याचा धोका आहे, हे निर्णय घेणाऱ्यांना माहीत होते. तरीही तो घेण्यात आला.

खरेदीच्या इतिहासात या निर्णयाचे महत्त्व असे की, येथे विक्रेत्या संस्थेने स्वतःहून किंमत वाढविली आणि त्या वाढीचे कारण ग्राहकासमोर उघड ठेवले. उधारीच्या दुकानात किमतीचा जो भाग झाकलेला होता, तो खादी भांडारात मांडून दाखविला गेला. वाढीव पैसे कोणाच्या हाती पडणार आहेत हे ग्राहकाला सांगता येत होते.

कुमारप्पांनी या भूमिकेला तात्त्विक अधिष्ठान दिले. 'व्हाय द व्हिलेज मूव्हमेंट ?' (१९३६) आणि 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' (१९४५) या ग्रंथांतून त्यांनी पैशातील किंमत हे वस्तूच्या मूल्याचे एकमेव माप नव्हे, असे प्रतिपादन केले. वस्तू ज्या परिस्थितीत तयार झाली त्या परिस्थितीची नैतिक जबाबदारी काही अंशी ती विकत घेणाऱ्यावरही येते, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. वस्तू जितकी दुरून येते तितकी ही जबाबदारी पार पाडणे अवघड होते, कारण उत्पादकाची अवस्था ग्राहकाला दिसत नाही. जवळच्या बाजाराचे समर्थन त्यांनी सोयीच्या आधारे केलेले नाही, तर माहितीच्या आधारे केले आहे, ही बाब विशेष लक्षणीय आहे. ३० डिसेंबर १९३८ रोजी उद्घाटन झालेले मगन संग्रहालय हेही उत्पादनप्रक्रिया लोकांना दिसावी, याच विचाराचे मूर्त रूप होते.

पुढे १९४५ पासून खादीच्या किमतीचा काही भाग सुताच्या रूपाने देण्याची अट घालण्यात आली. ग्राहकाने स्वतः कातावे, हा तिचा हेतू होता. सोयीच्या दृष्टीने याहून गैरसोयीची खरेदी कल्पिणे कठीण आहे. ही अट सर्वसामान्यांना पेलणारी नव्हती आणि स्वातंत्र्योत्तर काळात ती टिकली नाही. उलट, १९५७ मध्ये खादी व ग्रामोद्योग आयोग अस्तित्वात आल्यानंतर खादीच्या विक्रीवर शासकीय सूट देण्याची पद्धत रूढ झाली आणि गांधी जयंतीला सवलतीच्या दरात खादी घेणे ही मध्यमवर्गाची सवय बनली. ज्या वस्तूने किमतीची स्पर्धा जाणीवपूर्वक नाकारली होती, तीच अखेर सवलतीच्या फलकाखाली विकली जाऊ लागली. १९३५ चा विचार चुकीचा होता असे यावरून सिद्ध होत नाही. केवळ ग्राहकाच्या सद्सद्विवेकावर कोणतीही किंमतव्यवस्था दीर्घकाळ उभी राहू शकत नाही, एवढे मात्र निश्चित दिसून येते.

संघटित ग्राहकाचे प्रयोग :

स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रात या प्रश्नाला वेगळ्या दिशेने उत्तर शोधण्यात आले. मुंबईच्या नायगावात १९४८ मध्ये कामगारवस्तीत सुरू झालेला 'अपना बाजार' हा सहकारी ग्राहक भांडाराचा प्रयोग, १९६२ नंतर केंद्र शासनाच्या साहाय्याने वाढलेली ग्राहक सहकारी भांडारे, १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली ग्राहक पंचायत आणि १९७५ पासूनची मुंबई ग्राहक पंचायत ही याची प्रमुख उदाहरणे होत.

यांपैकी मुंबई ग्राहक पंचायतीची वितरणपद्धती प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. शेजारची कुटुंबे एकत्र येऊन संघ स्थापन करतात, महिन्याची मागणी आगाऊ नोंदवितात, माल एकत्रित खरेदी होऊन संघातील एखाद्या घरी पोहोचतो आणि सदस्य तो आपसांत वाटून घेतात. आगाऊ मागणी आणि घराजवळ पोहोच ही ऑनलाइन व्यापाराची दोन वैशिष्ट्ये येथे संगणकाविना अस्तित्वात होती. फरक असा की, माल वाटण्याचे श्रम सदस्य स्वतः करतात आणि त्यामुळे वाचलेला पैसा त्यांच्याच घरी राहतो. येथे थोडी सोय सोडून किंमत कमी केली जाते आणि ती सोय कोणी सोडली हेही सर्वांना ठाऊक असते.

याच काळात कायद्यानेही ग्राहकाला किमतीची माहिती मिळवून दिली. दशमान नाणी (१९५७) व मेट्रिक वजनमापे यांमुळे शेर-पायलीच्या स्थानिक मापांतील संदिग्धता कमी झाली. १९९० पासून वेष्टनावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक झाले. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारीसाठी जिल्हा पातळीवर न्याययंत्रणा उपलब्ध केली. परिणामी गल्लीतील दुकानदाराचे भाव ठरविण्याचे स्वातंत्र्य संकोचले आणि ग्राहकाचे स्थान तुलनेने बळकट झाले.

ऑनलाइन व्यापार आणि बोरगाव (मेघे) सारखी वस्ती :

फ्लिपकार्टचा प्रारंभ २००७ मध्ये झाला. २०१० मध्ये त्या कंपनीने वस्तू हाती आल्यावर पैसे देण्याची पद्धत आणली आणि अनोळखी विक्रेत्याविषयीचा भारतीय ग्राहकाचा अविश्वास बराचसा दूर झाला. २०१३ मध्ये अॅमेझॉनने भारतीय संकेतस्थळ सुरू केले. २०१६ मध्ये युपीआय आणि स्वस्त इंटरनेट सेवा एकाच वर्षी उपलब्ध झाल्याने हा व्यापार लहान शहरे व त्यांच्या लगतच्या वस्त्यांपर्यंत पोहोचला.

पूर्वोक्त तीन सोयींच्या आधारे पाहिल्यास या व्यापाराचे स्वरूप स्पष्ट होते. त्याने स्थळाची सोय मोठ्या प्रमाणावर दिली. वर्ध्याच्या बाजारात न मिळणारे पुस्तक, यंत्राचा सुटा भाग वा विशिष्ट मापाचे पादत्राण आता बोरगावातील घराच्या दाराशी येते. हा लाभ खरा आहे. निवडीचा जो अधिकार पूर्वी केवळ महानगरातील ग्राहकाला होता, तो येथील ग्राहकाला मिळाला. परंतु परिमाणाची सोय येथे जवळजवळ नाही. घरपोच सेवेचा खर्च भागविण्यासाठी मोठी मागणी अपेक्षित असते. दहा रुपयांचे तेल कोणी आणून देत नाही. काळाची सोय हप्त्यांच्या व 'नंतर भरा' योजनांच्या रूपाने उपलब्ध आहे. मात्र ती मुख्यतः ज्याच्या उत्पन्नाची नोंद आहे त्याच्यासाठी. रोजंदारी करणाऱ्याची पत कोणत्याही प्रणालीत नोंदलेली नसते. ती गल्लीतील दुकानदाराच्या स्मरणात आणि वहीत असते.

यातून एक गंभीर परिणाम संभवतो. नियमित वेतन असलेले कुटुंब आपली मोठी, रोखीची खरेदी ऑनलाइन अथवा मोठ्या दुकानाकडे वळविते आणि गल्लीतील दुकानाकडे केवळ किरकोळ व उधारीची खरेदी उरते. दुकानदार आजवर रोखीच्या ग्राहकाच्या बळावर उधारीच्या ग्राहकाला सांभाळत आला आहे. पहिला गेला की दुसऱ्याला सांभाळणे त्याला परवडत नाही. म्हणजे वेतनदार कुटुंबाच्या बचतीचा काही भाग त्याच गल्लीतील मजूर कुटुंबाच्या गैरसोयीतून येत असतो. सोय की किंमत, असा प्रश्न विचारताना हा संबंध नजरेआड होतो.

किमतीच्या पारदर्शकतेबाबतही पुनर्विचार आवश्यक आहे. पडद्यावर अनेक विक्रेत्यांचे भाव शेजारी-शेजारी दिसतात, हे निःसंशय ग्राहकहिताचे आहे. परंतु सवलत बहुधा छापील कमाल किमतीवरून मोजली जाते आणि ती किंमत स्वतः उत्पादकानेच ठरविलेली असते. शिवाय परदेशी भांडवल असलेल्या बाजारमंचांनी विक्रीच्या किमतीवर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष प्रभाव टाकू नये, अशी अट केंद्र शासनाला २०१६ मध्ये घालावी लागली आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून ते नियम अधिक कडक करावे लागले. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी वस्तूचा मूळ देश, परतीच्या अटी व तक्रार निवारण अधिकाऱ्याची माहिती देणे बंधनकारक केले. तक्रारीची पोच ४८ तासांत व निवारण एका महिन्यात व्हावे, असेही त्यात नमूद आहे. ग्राहकाला किंमत दिसते, पण ती कशी तयार झाली ते दिसत नाही, हीच या सर्व नियमनामागील मूळ चिंता होय.

आणि अखेर श्रमाचा प्रश्न. दुचाकीवर पाठीशी पेटी घेऊन वस्तू पोहोचविणारा तरुण हा आजच्या सोयीचा प्रत्यक्ष आधार आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये अशा 'गिग' कामगारांची प्रथमच कायदेशीर व्याख्या करण्यात आली आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. मंचचालकांनी आपल्या वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के, परंतु अशा कामगारांना देय असलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत, सामाजिक सुरक्षा निधीस अंशदान द्यावे, अशी तीत तरतूद आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे. तथापि १९३५ मध्ये वर्ध्यात ज्या तत्त्वाचा स्वीकार झाला, ते निर्वाहवेतनाचे होते. सामाजिक सुरक्षेचे अंशदान ही त्यापेक्षा मर्यादित गोष्ट आहे. न्याय म्हणून हेही नोंदविले पाहिजे की, किराणा दुकानातील मदतनीस मुलाच्या वेतनाचा प्रश्नही आजवर फारसा विचारला गेलेला नाही. स्थानिक दुकान स्थानिक आहे एवढ्यावरून ते न्याय्य ठरत नाही.

निष्कर्ष :

१) सोय आणि किंमत यांतील तिढा वर्धा परिसरात रेल्वेपूर्व आठवडी बाजार व उधारीचे दुकान यांच्या काळापासून विद्यमान आहे. ऑनलाइन व्यापाराने त्याचे स्वरूप बदलले, मूळ प्रश्न बदललेला नाही.

२) स्थळ, काळ व परिमाण असे सोयीचे तीन प्रकार आहेत. ऑनलाइन व्यापार पहिली सोय देतो, तर गल्लीतील दुकान उरलेल्या दोन सोयींचे अल्प उत्पन्न गटासाठी आजही प्रमुख साधन आहे. त्यामुळे 'सोयीचे कोणते ?' याचे उत्तर ग्राहकाच्या उत्पन्नाच्या स्वरूपानुसार बदलते.

३) सोय विनामूल्य कधीच नव्हती. तिचे मोल कधी विणकराने, कधी कर्जदार शेतकऱ्याने, तर आज वस्तू पोहोचविणाऱ्या कामगाराने चुकते केल्याचे दिसते.

४) १९३५ च्या निर्णयाने किमतीत श्रमाचे मोल उघडपणे समाविष्ट केले. तो प्रयोग केवळ सद्भावनेवर टिकला नाही. म्हणून आज त्याच तत्त्वाला कायद्याच्या व ग्राहकसंघटनेच्या आधाराची गरज आहे.

बोरगाव (मेघे) येथील ग्राहकाने कोठून खरेदी करावी, हे सांगणे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम नव्हे. तथापि दोन भावांची तुलना करताना ज्या व्यक्ती त्या आकड्यांत दिसत नाहीत, त्यांची नोंद घेणे हे त्याचे कर्तव्य आहे. मगनवाडी येथून काही किलोमीटरच्या अंतरावर आहे. तेथे विचारला गेलेला प्रश्न अद्याप अनुत्तरित आहे.